बर्फ म्हणजे काय रे भाऊ? : बेळगाव-खानापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यात भूगोल शिकवत होतो. थोरला भाऊ फौजेत. तो सुट्टीवर आला की अर्धा गाव ओसरीवर बसायचा आणि बर्फाविषयी विचारायचा. तो परत गेला की तेच प्रश्न माझ्याकडं यायचे. मी निवृत्त झालो तरी ते थांबलेले नाहीत, आता फोनवर येतात. भरतीची पोरं विचारतात, जवानांच्या आया विचारतात, काश्मीरची सहल ठरवलेले निपाणी-चिकोडीचे पाहुणे विचारतात. म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतोय.

१. बर्फ, हिम, गारा, दंव हे सगळं एकच ना?

पाणी एकच, रूपं वेगळी. आकाशातून पिंजलेल्या कापसासारखं हळू उतरतं ते हिम. ढगातून टणाटण आदळतात त्या गारा. रात्री गवतावर जमतं ते दंव, आणि ते गोठलं की हिमकण. रसवंतीवाला गोणपाटात गुंडाळून ठेवतो ती लादी, म्हणजे गोठलेलं पाणी.

गोंधळ होतो तो ‘बर्फ’ या शब्दामुळं. हा फारसीतून आलेला शब्द. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडतो तो, आणि गोठलेल्या पाण्याला वेगळा शब्द आहे, ‘यख’. आपण एकच शब्द उचलला आणि लादीलाही तोच लावला, पहाडावरच्यालाही तोच. आपल्याकडं पडतच नाही, तर दोन शब्द ठेवायचे कशाला!

‘हिम’ मात्र घरचा आहे आणि वाटतो त्यापेक्षा जास्त वापरातला. हिवाळा, हिंव भरणं, हिवताप, हेमंत ऋतू हे सगळे त्याच कुळातले. रशियन भाषेत हिवाळ्याला ‘झिमा’ म्हणतात, तोही याच मुळाचा लांबचा भाऊबंद. म्हणजे बर्फ न बघितलेली आपली आजीसुद्धा ‘हिंव भरलं’ म्हणताना नकळत बर्फाचंच नाव घेते.

२. कन्नडमध्ये बर्फाला ‘मंजु’ म्हणतात, आणि धुक्यालाही ‘मंजु’च. मग नेमकं काय समजायचं?

संदर्भ बघायचा. मंजु हा ऐसपैस शब्द आहे. धुकं, दंव, पडणारं हिम, तिन्हीला चालतो. नेमकं बोलायचं असेल तर पडणाऱ्या बर्फाला ‘हिम’, गोठलेल्या गोळ्याला ‘मंजुगड्डे’, दंवाला ‘इब्बनी’ आणि गारांना ‘आलिकल्लु’ म्हणतात. ‘कल्लु’ म्हणजे दगड. गार डोक्यात बसली की शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

माझ्या वर्गात एकदा कन्नड शाळेतून आलेल्या मुलानं लिहिलं, ‘जांबोटीत सकाळी बर्फ असतो.’ बाकीची पोरं हसली. त्यानं मनातल्या मनात ‘मंजु’चं मराठी केलं होतं, आणि जांबोटीच्या सकाळी धुकं असतंच. मी त्याला पूर्ण गुण दिले.

३. आपल्या बेळगावात कधी तरी बर्फ पडेल काय? महाबळेश्वरला पडतो म्हणे.

नाही पडणार. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि विषुववृत्तापासून जेमतेम १६ अंशांवर. आपल्या पट्ट्यात हवा शून्य अंशाला पोचते ती साधारण ५ किलोमीटर उंचीवर. पावसाळ्यातल्या आपल्या उंच ढगांच्या माथ्यावर बर्फ असतोच, पण खाली येईपर्यंत त्याचं पाणी होतं. खरं तर मृगाचे कितीतरी थेंब वर हिमाचे कण म्हणून जन्माला आलेले असतात.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर थंडीत पांढरं दिसतं ते गोठलेलं दंव. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन झपाट्यानं निवते आणि गवतावरचं पाणी तिथल्या तिथं गोठतं. पेपरात दर वर्षी फोटो येतो, खाली ‘मिनी काश्मीर’ असं काही तरी लिहिलेलं असतं, आणि मला दहा फोन येतात. ते वरून पडलेलं नसतं.

४. मग वळवाच्या गारा कुठून येतात? त्या तर बर्फाच्याच की!

हो, पण घडण वेगळी. एप्रिल-मे महिन्यात तापलेली हवा जोरात वर चढते आणि पाण्याच्या थेंबांना शून्य अंशाच्या उंचीच्याही वर, थंड भागात फेकते. एका कणावर थंडगार थेंब आपटत आणि गोठत जातात, थरावर थर चढतो. हवेच्या झोताला वजन पेलेना की गार सुटते. ती एवढी जड आणि वेगवान असते की वितळायला सवड मिळत नाही, म्हणून भर उन्हाळ्यात अंगणात पडते.

हिमाचा कण असा थेंब आपटून वाढत नाही. हवेतली वाफ पाणी न होता सरळ स्फटिक बनते, तेही सहा हातांचं, कारण पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनात बसतात. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली सशाच्या केसावर असा स्फटिक प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तापमान आणि ओलावा बदलला की नक्षी बदलते, हे त्यांनी मांडलं.

५. एस्किमो लोकांकडं बर्फाला शंभर शब्द आहेत, हे खरं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. स्पर्धा परीक्षेची पोरं तर छातीठोक सांगतात, कुणी पन्नास, कुणी चारशे. आधी एक गोष्ट: ‘एस्किमो’ हे नाव त्यांच्यातल्या पुष्कळांना आवडत नाही. कॅनडा आणि ग्रीनलंडमधले लोक स्वतःला इनुइट म्हणवतात.

गोष्टीची सुरुवात साधी होती. फ्रान्झ बोआस या अभ्यासकानं १९११ साली चार मूळ शब्द नोंदवले. जमिनीवर पडलेला बर्फ ‘आपुत’, पडत असलेला ‘काना’, वाऱ्यानं सरपटणारा ‘पिकसिरपोक’ आणि वाऱ्यानं साचलेला ढीग ‘किमुकसुक’. एवढंच. पुढं १९४० मध्ये बेंजामिन व्होर्फ यांनी याच मुद्द्यावर लिहिताना प्रकार थोडे वाढवले. मग वर्तमानपत्रं आणि पाठ्यपुस्तकं यांनी जत्रेतल्या अफवेसारखा आकडा फुगवत नेला. १९८६ साली लॉरा मार्टिन यांनी ही वाढ कशी होत गेली ते उकलून दाखवलं.

मग त्यांच्याकडं चारच शब्द आहेत काय? तसंही नाही. त्यांच्या भाषेत मूळ शब्दाला शेपट्या लावत अख्खं वाक्य एका शब्दात बसवता येतं. आपण ‘घरातल्यांनासुद्धा’ म्हणतो, तो शब्द एकच लिहितो. उद्या कुणी घर, घरात, घरातला, घरातल्यांना असं मोजून ‘मराठीत घराला चाळीस शब्द’ म्हणालं तर आपण हसू. त्यांच्याकडं ही सोय आपल्यापेक्षा कितीतरी पुढं गेलेली आहे, त्यामुळं ‘किती शब्द’ हा प्रश्नच फसवा ठरतो.

आणि आकडेच हवे असतील तर पावसाचे मोजा. आमच्या तालुक्यातल्या धो-धो पावसाच्या कणकुंबीच्या माणसाला विचारा. भुरभुर, झिमझिम, रिपरिप, पिरपिर, सर, झड, संततधार, मुसळधार, वळीव, उघडीप. त्यावर नक्षत्रं आहेतच: पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. परदेशी माणसाला हे सांगितलं तर तोही आपल्याविषयी असंच काही तरी लिहून मोकळा होईल.

६. मग बर्फाचे खरोखर जास्त शब्द कुणाकडं आहेत?

पैज लावून सांगण्यासारखं उत्तर नाही. ग्लासगो विद्यापीठानं २०१५ साली स्कॉट्स भाषेतले बर्फाशी संबंधित ४२१ शब्द जाहीर केले. त्यात मोठ्या पाकळीला ‘स्केल्फ’, कोपऱ्यावर भोवऱ्यासारखं गरगरण्याला ‘फीफल’ असे शब्द आहेत. फिनिश भाषेत पडलेला बर्फ ‘लुमी’, गोळा वळेल असा ओलसर ‘नुओस्का’, रस्त्यावरचा घाण रबरबाट ‘लोस्का’. जपानी माणूस पिठासारख्या बर्फाला ‘कोनायुकी’ आणि मोठ्या ओल्या पाकळ्यांना ‘बोतान-युकी’ म्हणतो, म्हणजे बोतान (पिओनी) नावाच्या टपोऱ्या फुलासारखा बर्फ.

मला सगळ्यात भावले ते सामी लोकांचे शब्द. हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेला रेनडिअर पाळतात. त्यांचा ‘गुओह्तुन’ हा शब्द वरवर बर्फाचा नाहीच. बर्फ असा आहे की रेनडिअर खुरानं उकरून खालचं खाद्य खाऊ शकेल, ही स्थिती म्हणजे गुओह्तुन. आपल्या ‘वाफसा’ शब्दासारखंच हे. वाफसा म्हणजे ना माती ना पाणी. औत घालायला जमीन जोगी झाली, एवढंच तो सांगतो. शहरातल्या माणसाला तो शब्द लागत नाही, शेतकऱ्याचं त्यावाचून चालत नाही.

याच्या उलट शब्द ‘चुओक्की’. हिवाळ्यात मध्येच ऊब आली, पाऊस पडला आणि पुन्हा गोठलं की चाऱ्यावर काचेसारखा थर बसतो. रेनडिअरला तो फुटत नाही आणि कळप उपाशी राहतात. हवामान तापतंय तसे असे हिवाळे त्यांना जास्त छळतात. सामी आज्याला या शब्दानं जेवढी धडकी भरत असेल, तेवढी आपल्याकडं ऐन काढणीत आलेल्या पावसानं भरते.

७. मुलाचं पोस्टिंग सियाचिनला आलंय. तिथं माणसं राहतात तरी कशी?

हे विचारणाऱ्या आईला मी आधी चहा पाजतो.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं आपल्याकडं हा प्रश्न घराघरातला आहे. सियाचिन हिमनदी सुमारे ७६ किलोमीटर लांब आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘मेघदूत’ मोहिमेत आपलं सैन्य तिथं चढलं. काही चौक्या २० हजार फुटांच्या आसपास आहेत, आणि पारा उणे ५० पर्यंत उतरतो. गोळीपेक्षा हवामानानं तिथं जास्त जवान घेतले. आपल्याकडच्या बायका ‘पोरगा वर गेलाय’ असं चुकूनही म्हणत नाहीत, त्याचा भलता अर्थ होतो. ‘ग्लेशियरला आहे’ असंच म्हणतात.

कुणाला उतरवून लगेच वर पाठवत नाहीत. आधी शरीराला उंचीची सवय करतात: ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १५ हजारांपर्यंत ४ दिवस, त्यावर आणखी ४. एवढं करूनही फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू शकतं. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली आणणं. वर चालताना दोरीला बांधून एकामागून एक जातात, कारण बर्फाखाली भेगा झाकलेल्या असतात. राहायला फायबरच्या झोपड्या, उबेला रॉकेलवर चालणारी ‘बुखारी’. प्यायला बर्फ वितळवतात (प्रश्न १२ पाहा).

मोठी भीती हिमकडा कोसळण्याची. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर कडा कोसळून १० जवान गाडले गेले. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी बर्फाखालून जिवंत निघाले. तीन दिवस अख्खा मुलूख देव पाण्यात ठेवून बसला होता. ११ तारखेला ते गेले. त्या आठवड्यात माझ्याकडं प्रश्न आले नाहीत, नुसतेच फोन आले.

आणि लाडू पाठवू काय, तर पाठवा. पण वर दगडासारखे होतात आणि उंचीवर भूकही मरते. भाऊ सांगायचा, लाडवापेक्षा घरची चिवड्याची पुडी लवकर संपते.

८. हिमदंश म्हणजे काय? गोठलेल्या हातावर बर्फ चोळायचा म्हणतात, खरं काय?

अजिबात चोळू नका. थंडीत शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. बोटं, नाक, कान यांतलं पाणी गोठतं आणि पेशी फाटतात. आधी झिणझिण्या येतात, मग बधीर, कातडी मेणासारखी पांढुरकी. दुखायचं थांबलं की बरं वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो. काळं पडणं ही पुढची पायरी.

चोळायचा सल्ला जुना आहे. नेपोलियनच्या रशियातल्या स्वारीत त्याचा सर्जन लारे यानं शेकोटीवर हात भाजलेले सैनिक बघितले, म्हणून तो बर्फानं चोळायला सांगत असे. आता ते चूक मानतात, चोळल्यानं आतले स्फटिक पेशी आणखी कापतात. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, आणि पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा. बाळंतीण बाळाला न्हाऊ घालते तेवढं कोमट. शेकोटी नको, दारूही नको. दारूनं ऊब वाटते पण अंगातली उष्णता बाहेर जाते. मग दवाखाना.

९. आपली घोंगडी बर्फात चालते काय?

लोकरीचा गुण तोच, त्यामुळं चालते, पण एकटीनं नाही. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरते, सुती कपडा भिजला की उलट अंगातली ऊब पळवतो. म्हणून तर आपले धनगर पावसात घोंगडीची खोळ घेतात. बर्फात मात्र थर लागतात: आत अंगावरचा घाम बाहेर काढणारं, मध्ये लोकरीचं, वर वारा अडवणारं. घोंगडीतून वारा आरपार जातो आणि वजन जीव काढतं.

काश्मिरी माणूस पायघोळ फेरन घालतो आणि आत कांगडी धरतो, म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेलं निखाऱ्याचं मडकं. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा कडक काळ म्हणजे ‘चिल्लई कलान’, मग २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’, शेवटी १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. थंडीलासुद्धा थोरला, धाकटा आणि तान्हा अशी भावंडं दिलीत त्यांनी.

एक बजावून सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, तिकडंही नको आणि पौषातल्या खानापुरातही नको. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

१०. बर्फाच्या घरात माणूस राहतो, मग ते वितळत कसं नाही?

ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही, गोधडीचंच तत्त्व. इग्लूला वाऱ्यानं घट्ट दाबलेला बर्फ लागतो, कारण त्याच्या विटा कापता येतात. बाहेर उणे ४० असताना आत शून्याच्या आसपास राहतं. माणसाच्या उबेनं आतला पृष्ठभाग थोडा वितळतो आणि पुन्हा गोठून गिलावा होतो.

पण सगळे इनुइट कायम इग्लूत राहत, हा शाळेच्या चित्रांचा प्रताप. तो मुख्यतः मध्य कॅनडाच्या उत्तरेकडचा, हिवाळी शिकारीच्या वाटेवरचा निवारा. त्यांच्या भाषेत ‘इग्लू’ म्हणजे नुसतं घर.

११. बर्फाच्या मुलखात छपरं आपल्यासारखीच उतरती का असतात?

आपलं कौलारू छप्पर पाणी पळवायला उतरतं, त्यांचं वजन पाडायला. जपानमधल्या शिराकावा-गो गावातली गवती छपरं जवळजवळ ६० अंशांत उभी आहेत, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. त्यांचं नावच ‘गाश्शो’, म्हणजे जोडलेले हात. १९९५ पासून ते गाव जागतिक वारसा आहे. आपण पावसाळ्याआधी कौलं चाळतो तसं जपानी माणूस भर हिवाळ्यात छपरावर चढून बर्फ ढकलतो, आणि त्यात पडून माणसं दगावतातही.

लडाखातली छपरं मात्र सपाट. तिथं बर्फ थोडा, आणि छपरावर चारा वाळवायचा असतो. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळून पडतो, कणकुंबीत जुलैत एका दिवसात एवढा होऊन जातो. तिथं बर्फ संकट नाही, पाण्याची ठेव आहे. पेरणी एप्रिल-मेला आणि हिमनद्या वितळतात उशिरा, म्हणून तिथले अभियंते छेवांग नोर्फेल यांनी ओढे अडवून कृत्रिम हिमनद्या केल्या आणि सोनम वांगचुक यांनी २०१३ नंतर बर्फाचे स्तूप उभे केले. हिवाळ्यात नळातून उंच उडवलेलं पाणी सुळक्यासारखं गोठतं. सुळक्याला ऊन कमी लागतं, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो.

१२. बर्फ खाल्ला तर चालतो काय?

गंमत म्हणून मूठभर, स्वच्छ जागचा, चालेल. तहान भागवायला नको. तो वितळवायला शरीराची उष्णता खर्च होते, म्हणजे थंडीत उलटा तोटा. वितळवून प्या. पिवळा दिसला तर का पिवळा आहे हे विचारू नका.

१३. काश्मिरात पहिल्या बर्फाला लोक एकमेकांकडून जेवण उकळतात म्हणे?

हो. काश्मिरीत बर्फाला ‘शीन’ म्हणतात आणि ‘नोव शीन’ म्हणजे नवा बर्फ. कुणी तरी तो गुंडाळून भेट म्हणून हातात टेकवतो. बेसावध घेतला की हरला, मेजवानी द्यायची. काबूलकडं याची बहीण आहे: ‘बर्फ आमच्याकडून, बर्फी तुमच्याकडून’ अशी चिठ्ठी पाठवतात. आपल्या बर्फीचं नावही त्याच फारसी बर्फावरून आलंय. बेळगावात हा खेळ आला असता तर लोकांनी कुंदाच मागितला असता, यात शंका नाही.

१४. बर्फ पडत असताना थंडी कमी वाटते असं जवान सांगतात. उलटं नको काय?

त्यांचं बरोबर आहे. बर्फ पडतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि ढग पांघरुणासारखे जमिनीची ऊब धरून ठेवतात. शिवाय वाफेचं हिम होताना उष्णता बाहेर पडते. खरी बोचरी रात्र निरभ्र, चांदण्यांची. प्रश्न ३ मधलं महाबळेश्वरही अशाच रात्री पांढरं होतं.

आणि आवाज नसतो. ताज्या बर्फातल्या पोकळ्या आवाज शोषतात. भाऊ पहिल्यांदा द्रासला गेला तेव्हा रात्रभर बर्फ पडूनही त्याला कळलं नव्हतं. कौलावर पाऊस वाजल्याशिवाय पडतोय कसा, असं त्याला वाटत राहिलं.

१५. (इयत्ता चौथीतून) मामा येताना डब्यातून बर्फ आणू शकेल काय?

थर्मासमध्ये दोन दिवस रेल्वेनं आणला तर बहुतेक पाणीच पोचेल, आणि तेही थोडं. ताजा बर्फ दहा तांबे घेतला तर पाणी एक तांब्या होतं. माझ्या भावानं एकदा आईसाठी आणला होता. आईनं झाकण उघडलं, आत बोट बुडवलं, म्हणाली, ‘हे तर पाणी की रे.’ हरतालिकेची कहाणी सांगताना ती हिमालयाच्या घरचं वर्णन मोठ्या रंगात करायची, त्यामुळं तिला त्या पाण्याचं काय करावं ते सुचेना. शेवटी गंगेच्या गडूशेजारी देवघरात ठेवलं. गौरीच्या सणापर्यंत ते तिथंच होतं.